पायाभूत प्रकल्प : भांडवल, जोखीम आणि विलंबाची किंमत

रस्ते, रेल्वे, बंदरे, वीज आणि पाणीपुरवठा या सुविधांवर शेती, उद्योग आणि सेवा या तिन्ही क्षेत्रांची उत्पादकता अवलंबून असते. रस्त्याअभावी शेतमाल बाजारात वेळेवर पोहोचत नाही आणि विजेच्या अनिश्चिततेमुळे कारखान्याचा उत्पादनखर्च वाढतो. म्हणूनच विकसनशील देशात पायाभूत गुंतवणुकीला विकासनीतीत अग्रस्थान दिले जाते. मात्र या प्रकल्पांचे स्वरूप इतर गुंतवणुकीपेक्षा वेगळे आहे. त्यांत सुरुवातीलाच प्रचंड भांडवल अडकते, परतावा मात्र २०-३० वर्षे थोडा थोडा मिळत राहतो. अर्धवट राहिलेल्या पुलाचा उपयोग शून्य असतो, पण त्यावरील कर्जाचे व्याज थांबत नाही. त्यामुळे पैसा किती उभा राहिला याइतकेच, प्रकल्पातील कोणती जोखीम कोणी उचलायची, हा प्रश्नही निर्णायक ठरतो.

विलंबाचे अर्थशास्त्र

एक साधे उदाहरण घेता येईल. १,००० कोटी रुपयांच्या प्रकल्पासाठी ७०० कोटींचे कर्ज १० टक्के व्याजाने घेतले आणि कर्जाची पूर्ण रक्कम खर्च झाल्यानंतर काम दोन वर्षे रखडले, तर चक्रवाढीने सुमारे १४७ कोटींचे जादा व्याज साचते. सिमेंट, पोलाद व मजुरीची भाववाढ आणि त्या दोन वर्षांत बुडालेले उत्पन्न यांची त्यात भर पडते. हा बोजा अखेर प्रवासी, वीजग्राहक किंवा करदाता यांच्यावरच येतो.

केंद्राच्या १५० कोटी रुपये व त्याहून अधिक खर्चाच्या प्रकल्पांवर सांख्यिकी व कार्यक्रम अंमलबजावणी मंत्रालय देखरेख ठेवत आले आहे. या पाहणीत विलंबाची जी कारणे वारंवार पुढे येतात, त्यांत भूसंपादन, वन व पर्यावरणविषयक मंजुऱ्या आणि जलवाहिन्या, वीजतारा आदींचे स्थलांतर ही प्रमुख आहेत. यांपैकी बहुतेक कामे बांधकामाच्या आधीची आहेत. प्रकल्पाचे भवितव्य पुष्कळदा कुदळ पडण्यापूर्वीच ठरलेले असते, ते यामुळेच.

कोकण रेल्वेचा धडा

कोकण रेल्वे या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे. १९९० मध्ये केंद्र शासन आणि महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक व केरळ ही चार राज्ये यांच्या भागीदारीतून स्वतंत्र महामंडळ स्थापन झाले. रोह्यापासून मंगळूरजवळील ठोकूरपर्यंतच्या सुमारे ७४० किलोमीटर मार्गाची सात विभागांत वाटणी करून प्रत्येक विभागाच्या मुख्य अभियंत्याला निर्णयाचे व्यापक अधिकार देण्यात आले. सुमारे ९० बोगदे असलेला हा मार्ग जानेवारी १९९८ मध्ये पूर्ण क्षमतेने खुला झाला. गोव्यात मार्गाच्या आखणीला झालेल्या विरोधामुळे तेथील काम काही काळ थांबले होते.

बांधकामाच्या दृष्टीने हे यश निर्विवाद होते. वित्तव्यवस्थेचा अनुभव मात्र वेगळा ठरला. खर्चाचा मोठा हिस्सा रोख्यांद्वारे बाजारातून उभारण्यात आला होता. नव्या मार्गावर मालवाहतूक वाढण्यास काळ लागतो, व्याजाचे हप्ते मात्र तेवढा काळ थांबत नाहीत. साहजिकच महामंडळाला दीर्घकाळ कर्जभार सोसावा लागला. ज्या सुविधेचा लाभ संपूर्ण किनारपट्टीला पिढ्यान्‌पिढ्या मिळणार आहे, तिचा खर्च केवळ तिकीट व भाड्यातून आणि तोही अल्पावधीत वसूल होईल, ही अपेक्षा वास्तवाला धरून नव्हती.

दिल्ली मेट्रोच्या पहिल्या टप्प्यात वेगळी रचना होती. केंद्र व दिल्ली सरकारचे समान भागभांडवल आणि सुमारे ६० टक्के खर्चासाठी जपानकडून मिळालेले दीर्घ मुदतीचे सवलतीचे कर्ज यांमुळे व्याजाचा ताण मर्यादित राहिला. सुमारे ६५ किलोमीटरचा हा टप्पा २००५ मध्ये नियोजित मुदतीआधी पूर्ण झाला.

खासगी भागीदारीचा चढउतार

सुवर्ण चतुष्कोनाच्या ५,८४६ किलोमीटर महामार्गांसाठी पेट्रोल व डिझेलवरील उपकराचा आधार होता. पुढील गरजा मात्र सरकारी तिजोरीच्या आवाक्याबाहेरच्या होत्या. त्यामुळे ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ ही पद्धत रूढ झाली. खासगी विकासकाने रस्ता बांधायचा, ठरावीक वर्षे पथकर घ्यायचा आणि नंतर तो शासनाच्या ताब्यात द्यायचा, असे तिचे स्वरूप होते. सामाजिकदृष्ट्या आवश्यक पण नफ्याच्या दृष्टीने कमकुवत प्रकल्पांना केंद्राकडून व्यवहार्यता तफावत निधीचे साह्यही मिळू लागले.

या पद्धतीत वाहनसंख्येची, बांधकामाची आणि वित्तपुरवठ्याची जोखीम विकासकाकडे गेली. जमीन वेळेवर मिळण्याची जोखीमही प्रत्यक्षात त्यालाच भोवली, जरी ती दूर करण्याचे अधिकार त्याच्याकडे नव्हते. दुसरीकडे, वाढीच्या काळात अनेक विकासकांनी वाहतुकीचे अंदाज फुगवून बोली लावल्या. बँकांनी काही वर्षांच्या मुदतीच्या ठेवींतून १५-२० वर्षांची कर्जे दिली. अर्थव्यवस्थेची गती मंदावताच हा डोलारा कोसळू लागला. मार्च २०१८ पर्यंत अनुसूचित व्यापारी बँकांच्या ढोबळ अनुत्पादक कर्जांचे प्रमाण ११ टक्क्यांच्या पुढे गेले. त्यात पायाभूत क्षेत्राचा वाटा लक्षणीय होता.

दिल्लीच्या विमानतळ मेट्रो मार्गाचा अनुभवही बोलका आहे. खासगी भागीदारीतील हा मार्ग २०११ मध्ये सुरू झाला, २०१२ मध्ये तांत्रिक दोषांमुळे काही महिने बंद राहिला आणि २०१३ मध्ये दिल्ली मेट्रो महामंडळाला तो स्वतःकडे घ्यावा लागला. त्यातून उद्भवलेला कायदेशीर वाद २०२४ पर्यंत चालला.

जोखमीची फेरवाटणी

२०१५ मध्ये विजय केळकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने जोखमीच्या तर्कसंगत वाटणीवर भर दिला. जी जोखीम ज्याला सर्वाधिक चांगल्या रीतीने हाताळता येते, ती त्याच्याकडे असावी, हे त्यामागील तत्त्व होय. महामार्गांसाठी स्वीकारलेल्या हायब्रीड ॲन्युइटी पद्धतीत हेच तत्त्व दिसते. तीत खर्चाचा ४० टक्के भाग शासन बांधकामाच्या काळात देते व उर्वरित रक्कम पुढे वार्षिकीच्या हप्त्यांनी फेडते. वाहनसंख्येची जोखीम शासनाकडे, तर बांधकाम व देखभालीची विकासकाकडे राहते. सुमारे ८० टक्के जमीन हाती आल्याशिवाय काम सुरू न करण्याचे बंधनही त्यात आहे.

तयार मालमत्तेतून नवे भांडवल उभारण्याचा मार्गही खुला झाला. २०१८ मध्ये नऊ महामार्गांच्या सुमारे ६८० किलोमीटर लांबीचे पथकराचे हक्क ३० वर्षांसाठी देऊन ९,६८१ कोटी रुपये मिळाले. बांधकामाची जोखीम संपलेल्या मालमत्तेत दीर्घ मुदतीचे गुंतवणूकदार रस घेतात, हे यातून स्पष्ट झाले. दीर्घ मुदतीच्या कर्जासाठी २०२१ मध्ये स्वतंत्र राष्ट्रीय बँकही स्थापन झाली.

विस्थापितांचा हिस्सा

जोखमीच्या या हिशेबात एका घटकाची नोंद दीर्घकाळ झालीच नाही. ज्याची जमीन गेली, त्या शेतकऱ्याने कोणत्याही करारावर सही न करता सर्वांत मोठी जोखीम पत्करलेली असते. भाक्रा असो वा कोयना, विस्थापितांच्या पुनर्वसनाचे प्रश्न धरणे पूर्ण झाल्यावरही अनेक दशके रेंगाळले. महाराष्ट्राने १९७६ मध्ये प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा करून या दिशेने पहिले पाऊल टाकले. २०१३ च्या केंद्रीय भूसंपादन कायद्याने ग्रामीण भागात बाजारभावाच्या चौपटीपर्यंत मोबदला, सामाजिक परिणामांचे मूल्यमापन आणि पुनर्वसनाचा हक्क यांची तरतूद केली. खासगी प्रकल्पासाठी ८० टक्के, तर भागीदारी प्रकल्पासाठी ७० टक्के बाधित कुटुंबांची संमती आवश्यक ठरली. यामुळे जमिनीची किंमत वाढली, हे खरे. परंतु पूर्वी ही किंमत विस्थापित कुटुंबे मुकाट्याने भरत होती. आता ती प्रकल्पाच्या खर्चात दिसू लागली आहे. न्याय्य मोबदल्यामुळे न्यायालयीन वाद व आंदोलने टळली, तर वाचलेला काळ हीदेखील बचतच ठरते.

पुढील दिशा

२०२०-२५ या काळासाठी आखलेल्या राष्ट्रीय पायाभूत प्रकल्प आराखड्यात १११ लाख कोटी रुपयांची गुंतवणूक अपेक्षित धरली होती. त्यात केंद्राचा वाटा ३९, राज्यांचा ४० आणि खासगी क्षेत्राचा सुमारे २१ टक्के होता. केंद्राचा भांडवली खर्च २०१९-२० मध्ये ३.३६ लाख कोटी रुपये होता. २०२४-२५ च्या अर्थसंकल्पात ही तरतूद ११.११ लाख कोटींवर पोहोचली. थोडक्यात, मुख्य भार सार्वजनिक तिजोरीवरच आहे.

अशा स्थितीत प्रकल्पांच्या घोषणेपेक्षा पूर्वतयारीला महत्त्व येते. जमीन, मंजुऱ्या आणि पुनर्वसनाचा आराखडा हाती असल्याशिवाय कर्ज उचलू नये. वाहतुकीचे व मागणीचे अंदाज स्वतंत्रपणे तपासावेत. दीर्घ मुदतीच्या कामासाठी दीर्घ मुदतीचाच पैसा वापरावा. पूर्वतयारीत गेलेले एक वर्ष वाया गेले असे वाटते. पण अर्धवट पुलाखालून गेलेल्या पाच वर्षांपेक्षा ते निश्चितच स्वस्त पडते.