फाइल गेली ती गेलीच

माझे वडील दीपनगरच्या वीजकेंद्रात ऑपरेटर होते. तासातासाला मीटरचं रीडिंग घेऊन लॉगबुकात उतरवायचं, हे त्यांचं काम. "नोंद नाही म्हणजे काम झालंच नाही," असं ते म्हणायचे. या बोलण्याची किंमत मला 11,960 रुपये गमावल्यावर कळली.

मी आयटीआयच्या मुलांची शिकवणी घेतो. विद्युत सहाय्यक भरतीच्या परीक्षेसाठी काढलेल्या नोट्स पीडीएफ करून माझ्या वेबसाइटवर विकतो. एका संचाचे 299 रुपये. एकदा जळगावचा क्लासचालक म्हणवणाऱ्या माणसाचा फोन आला. "भाऊ, चाळीस मुलांसाठी संच पाहिजेत, आजच पाठवा." कार्डाने पैसेही लगेच भरले. मी फाइल पाठवली. "मिळाली," असं उत्तर आलं.

तीन आठवड्यांनी पेमेंट कंपनीचा ईमेल आला. हा व्यवहार आपण केलाच नाही, अशी तक्रार कार्डधारकाने बँकेकडे केली होती. अशा तक्रारीवरून पैसे परत घेतले जाण्याला चार्जबॅक म्हणतात. सात दिवसांत पुरावा द्यायचा होता. माझ्याकडे होता बंद पडलेला मोबाइल नंबर आणि 'मिळाली' हा एक शब्द. फाइल कोणी, कधी, कुठून उतरवून घेतली याची नोंद नव्हती. पैसे वळते झाले. कार्ड परदेशी होतं, हेही मी तेव्हाच पाहिलं. आपल्या बँकांच्या कार्डाला ऑनलाइन व्यवहारात सहसा ओटीपी लागतो. अनेक परदेशी कार्डांना लागत नाही. जळगावचा गिऱ्हाईक आणि कार्ड परदेशी, इथेच मी थांबायला हवं होतं. खरा कार्डधारकही बहुधा माझ्यासारखाच फसलेला. नोट्स मात्र तोवर टेलिग्रामवर फुकट फिरत होत्या.

म्हणून घरबसल्या नोट्स, डिझाइन, कोर्स विकणाऱ्या प्रत्येकाला सांगतो.

पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. आपलं खातं उघडून पाहा, मगच फाइल द्या. पैसे घ्यायला पिन टाकावा लागत नाही, हे घरातल्यांनाही सांगून ठेवा. "जास्त पैसे गेले, दुसऱ्या नंबरवर परत करा," असं कोणी म्हटलं तर करू नका. रक्कम ज्या वाटेने आली, त्याच वाटेने परत जाऊ द्या. ती चोरीची असेल तर तुमचंही खातं गोठू शकतं.

मोठी ऑर्डर आली तर माल टप्प्याटप्प्याने द्या. प्रत्येक पानावर गिऱ्हाइकाचं नाव आणि ऑर्डर क्रमांक छापा. डाउनलोडची वेळ आणि आयपी पत्ता जपून ठेवा. परताव्याच्या अटी पैसे भरण्याआधी दिसू द्या. चार्जबॅकची नोटीस आली, तर मुदतीत उत्तर द्या. गप्प बसलात की हरलात.

फसवणूक झालीच, तर लाजून घरात बसू नका. ताबडतोब 1930 वर फोन करा, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा, बँकेला लेखी कळवा. पहिल्या काही तासांत रक्कम पुढे जाण्याआधी अडवता येते. बँकेने 30 दिवसांत दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. तोतयेगिरी करून ऑनलाइन फसवणाऱ्याला माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66डी खाली तीन वर्षांपर्यंत कैद आहे.

आता माझ्या टेबलावरही एक लॉगबुक असतं. तुम्हीही आजच एक वही सुरू करा आणि पुढची फाइल तिच्यात नोंद केल्यावरच पाठवा.