अल्ट्रालाइट विमानाचे ब्रेक : जास्त जोर म्हणजे जास्त सुरक्षितता?



विमानाला ब्रेक असतो का? हा प्रश्न एकदा वर्गात टाकून बघा. काही मुलं लगेच "असणारच" म्हणतील, काही म्हणतील "हवेत ब्रेक कसा लागेल?" दोन्ही उत्तरांवर छान चर्चा होते. नववीला 'गतीचे नियम' आणि 'कार्य आणि ऊर्जा' शिकवताना आपण सायकल आणि बसची उदाहरणं देतोच. आज जरा वेगळं उदाहरण घेऊ या : एका माणसाचं अगदी हलकं विमान आणि त्याच्या चाकांचे ब्रेक.

अमेरिकेत 1982 पासून अल्ट्रालाइट विमानांसाठी एक वेगळा नियम आहे. त्याला 'पार्ट 103' म्हणतात. इंजिनाच्या अल्ट्रालाइटला एकच आसन, रिकामं वजन 254 पौंडांपेक्षा कमी म्हणजे साधारण 115 किलो, इंधन जास्तीत जास्त 5 गॅलन म्हणजे सुमारे 19 लिटर, आणि सरळ उडताना वेग 55 नॉटच्या म्हणजे जवळपास 102 किमी/तास याच्या वर नको. या विमानाला उड्डाणयोग्यतेचं प्रमाणपत्र लागत नाही. त्यामुळे मालक स्वतःच्या शेडमध्ये पाने घेऊन बसतो आणि हवे ते बदल करतो. यातली कित्येक विमानं ब्रेकशिवायच उडतात. गवताची धावपट्टी असेल तर उतरल्यावर विमान गवतातच मंदावतं. पण डांबरी धावपट्टीवर, किंवा पुढे कुंपण असेल तर? मग ब्रेक हवाच वाटतो. ज्याच्याकडे साधा ड्रम ब्रेक आहे त्याला डिस्क बसवावीशी वाटते. इथून आपला धडा सुरू होतो.

आधी थोडं गणित करू. विमान, वैमानिक आणि इंधन मिळून 200 किलो धरा. उतरताना वेग 50 किमी/तास, म्हणजे सेकंदाला 14 मीटर. गतिज ऊर्जा = ½ × 200 × 14 × 14 = 19,600 ज्यूल. आता वेग 70 किमी/तास घ्या. वेग 1.4 पट झाला, पण ऊर्जा जवळजवळ दुप्पट! मुलांना इथे थांबवून विचारा : विमान हवेच्या तुलनेत 50 नेच उतरतंय, पण समोरून 10 चा वारा आहे, तर जमिनीवरचा वेग किती? 40. आणि तोच वारा पाठीमागून असेल तर? 60. दोन्हींच्या ऊर्जेत 2.25 पटीचा फरक पडतो. समोरच्या वाऱ्यात उतरणं हा सगळ्यात स्वस्त ब्रेक आहे, त्याला ना वजन ना खर्च.

ही ऊर्जा जाते कुठे? उष्णतेत. ब्रेकच्या लोखंडी भागांचं वजन 1 किलो धरलं आणि सगळी ऊर्जा त्यातच गेली असं मानलं, तरी तापमान साधारण 43 अंशांनीच वाढतं. म्हणजे एका थांबण्याने काही ड्रम जळत नाही. तेव्हा "ड्रम तापतो म्हणून डिस्क पाहिजे" हे कारण या वजनाच्या विमानाला फारसं लागू पडत नाही, असं माझं मत. ब्रेक अर्धवट दाबून जमिनीवर बराच वेळ फिरत राहणं ही मात्र वेगळी गोष्ट. तिथे उष्णता साठत जाते, आणि चाक नायलॉनचं असेल तर ते मऊ पडू शकतं.

आता ब्रेक कोणत्या चाकाला लावायचा? बऱ्याच अल्ट्रालाइटना एक चाक पुढे नाकाखाली आणि दोन मुख्य चाकं मागे असतात. नाकाच्या चाकाला ब्रेक लावणं सोपं. सायकलसारखी केबल ओढली की एक पट्टी थेट टायरवर घासते. पण त्या चाकावर भार किती? 15 टक्के धरू. ओल्या गवतावर घर्षणांक 0.2 मानला तर घर्षण बल = 300 × 0.2 = 60 न्यूटन. ऊर्जा भागिले बल म्हणजे अंतर, 19,600 ÷ 60, सुमारे 327 मीटर. तोच ब्रेक दोन्ही मुख्य चाकांना लावला तर बल 340 न्यूटन आणि अंतर सुमारे 58 मीटर. हवेचा अवरोध वगैरे आपण सोडून दिलंय, पण फरक लक्षात येतो. घर्षण ब्रेकच्या किमतीवर नाही, चाकावरच्या भारावर ठरतं. आणखी एक. चाकं टेकल्या टेकल्या पंख अजून बराच भार उचलून धरत असतात. त्या क्षणी ब्रेक करकचून दाबला तर चाक नुसतं अडकतं आणि घसरतं.

मग डिस्क लावून जोर वाढवला तर बिघडलं कुठे? बघा, ब्रेक म्हणजे एक साखळी आहे : हात, लिव्हर, केबल किंवा नळी, पॅड, चाक, एक्सल, विमानाचा पाय, टायर आणि जमीन. एक कडी दणकट केली की ताण पुढच्या कडीवर जातो.

हे दाखवायला जुन्या मोटारसायकलचं मागचं चाक बघायला सांगा. ड्रमच्या झाकणापासून चौकटीपर्यंत एक सळी गेलेली दिसेल. ती कशाला? ब्रेक लागला की चाक त्या झाकणालाही स्वतःबरोबर फिरवू बघतं, सळी त्याला धरून ठेवते. ही क्रिया-प्रतिक्रियाच. अल्ट्रालाइटच्या चाकाचा एक्सल कधी कधी नुसता एक लांब बोल्ट असतो. बिनब्रेकच्या चाकाला तो पुरतो. डिस्कचा कॅलिपर तिथे लावायचा तर तो धरणारी पट्टी, तिचे बोल्ट आणि ती जिथे जोडली ती नळी, सगळं तपासायला हवं. कोरड्या डांबरावर घर्षणांक 0.7 धरू. एका मुख्य चाकावर 850 न्यूटन भार, म्हणून घर्षण 595 न्यूटन. चाकाची त्रिज्या 18 सेंमी, म्हणून पीळ सुमारे 107 न्यूटन-मीटर. पट्टीचा बोल्ट एक्सलपासून 5 सेंमीवर असेल तर त्याच्यावर 2,140 न्यूटन, म्हणजे जवळपास 214 किलोचा भार येतो. अख्ख्या विमानाच्या वजनापेक्षा जास्त, तो पण एका बोल्टवर!

आणि समजा पट्टीही दणकट केली. आता पुढची कडी, खुद्द विमानाचा तोल. काही अल्ट्रालाइटची मुख्य चाकं पुढे आणि छोटं चाक शेपटाखाली असतं. त्यांचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या थोडा मागे आणि जमिनीपासून वर असतो. ब्रेकचं बल लागतं जमिनीपाशी, वस्तुमान मात्र वर पुढे धावत असतं. सायकलचा नुसता पुढचा ब्रेक जोरात दाबल्यावर काय होतं ते मुलांना ठाऊक आहेच. गुरुत्वमध्य चाकांच्या 25 सेंमी मागे आणि 80 सेंमी उंचीवर धरा. 25 ÷ 80 = 0.31. चाक आणि जमीन यांच्यातली पकड याच्या वर गेली आणि ब्रेक ती पूर्ण वापरू शकला, की शेपूट उचलणार आणि विमान नाकावर आपटणार. ओल्या गवतावर 0.2, म्हणजे धोका नाही. कोरड्या डांबरावर 0.7. म्हणजे गवतावर महिनाभर उत्तम चाललेला नवा डिस्क ब्रेक डांबरी धावपट्टीवर पहिल्याच दिवशी प्रोपेलर मोडू शकतो, वैमानिकाला इजा होऊ शकते. जुना ड्रम एवढा जोर लावूच शकत नव्हता, आणि तेच त्याचं संरक्षण होतं.

दोन चाकांना सारखा ब्रेक लागणं हेही तितकंच महत्त्वाचं. एकाच लिव्हरने दोन केबल ओढायच्या तर मध्ये एक आडवी पट्टी लावतात, तिला मधोमध खिळ असते. बैलांच्या जोडीवरचं जू आठवा, तसंच ओढ दोन्हीकडे वाटली जाते. हे नसेल तर एक चाक आधी अडकतं आणि विमान त्या बाजूला गर्रकन फिरतं.

तेलाच्या ब्रेकमध्ये दाब सगळीकडे सारखाच पोचतो, पास्कलचा नियम. छोट्या दट्ट्याचं क्षेत्रफळ 1 चौ. सेंमी आणि कॅलिपरच्या दट्ट्याचं 8 असेल तर बल 8 पट, पण सरकणं एक अष्टमांश. जोर फुकट मिळत नाही. म्हणून मोटारसायकलचा छोटा मास्टर सिलिंडर घेऊन त्यावर दोन मोठे कॅलिपर चालवायला गेलं, की लिव्हर मुठीला टेकतो आणि पॅड अजून डिस्कपर्यंत पोचलेलेच नसतात. नळीत हवा राहिली तरी लिव्हर असाच मऊ लागतो. बुडबुडे वर जातात, म्हणून छोट्या विमानात बऱ्याचदा कॅलिपरकडून वर तेल ढकलून हवा काढतात. तेलाची गल्लत तर अजिबात नको. गाडीचं डॉट 3 किंवा डॉट 4 ब्रेक ऑइल वेगळं आणि विमानांसाठीचं लाल खनिज तेल वेगळं. एकासाठी बनवलेली रबरी सील दुसऱ्यात फुगतात, खराब होतात. आज ब्रेक लागतो, काही दिवसांनी लागत नाही किंवा सुटत नाही.

वजनाचंही बघावं लागतं. पार्ट 103 मध्ये पाण्यावर उतरायचे तरंगते पाय आणि आणीबाणीचं पॅराशूट यांना वजनात सूट आहे, ब्रेकला नाही. आधीच 113 किलोच्या विमानाला 3 किलोचे ब्रेक लावले की ते अल्ट्रालाइटच्या व्याख्येतूनच बाहेर जातं.

आपल्याकडे एनसीसीच्या हवाई विभागातले कॅडेट मायक्रोलाइटमधून उडतात, त्यामुळे एखादं मूल हा विषय घरी नक्की काढेल. भारतात मायक्रोलाइटला डीजीसीएची नोंदणी आणि परवानगी लागते, मनाने ब्रेक बदलता येत नाहीत, हे पालकांनी त्याला सांगावं.

वर्गासाठी एक प्रश्न देतो. वरच्याच शेपूटचाकी विमानाची मुख्य चाकं 10 सेंमी पुढे सरकवली, उंची तीच ठेवली. आता नाकावर आपटण्याची मर्यादा 0.31 वरून किती होईल? आणि उड्डाणासाठी धावताना शेपूट उचलायला सोपं जाईल की अवघड?