बर्फातल्या निवाऱ्याचे रक्षण

सियाचीन ही काराकोरम पर्वतातील सुमारे 76 किलोमीटर लांबीची हिमनदी. 13 एप्रिल 1984 रोजी 'ऑपरेशन मेघदूत' सुरू झाले, तेव्हापासून आपले जवान तेथे बारमाही पहारा देत आहेत. हिवाळ्यात पारा उणे 50 अंशांपर्यंत उतरतो. तंबू किंवा फायबरग्लासची झोपडी हाच त्यांचा आसरा. त्यावर बर्फ दोन बाजूंनी चाल करतो: बाहेरून आणि आतून.

बाहेरचा बर्फ डोळ्यांना दिसतो. ताजा, भुसभुशीत बर्फ 1 घनमीटरला साधारण 100 किलो भरतो. वाऱ्याने दाबला गेलेला 300 किलोंच्याही वर जातो. मी गणित करून पाहिले. 12 चौरस मीटर छपरावर 30 सेंटिमीटर ताजा बर्फ म्हणजे 360 किलो. तेवढ्याच जाडीचा घट्ट बर्फ म्हणजे हजार किलोंहून अधिक! म्हणून थर पातळ असतानाच, रात्री उठूनसुद्धा, तो सगळीकडून सारखा काढावा. फावड्याची धार कापडाला लागू देऊ नये. वारा आडोशाच्या बाजूला बर्फ टाकतो, म्हणून दार वाऱ्याला काटकोनात ठेवावे.

आतला बर्फ मात्र आपणच तयार करतो. आमच्या वसतिगृहात हिवाळ्यात पहाटे पीटीला उठावे, तर खिडकीच्या काचा आतून ओल्या असतात. ते आमच्याच श्वासातले बाष्प. तंबूत तेच कापडावर गोठते. उघड्या स्टोव्हवर 1 लिटर रॉकेल जळाले, की सुमारे 1 लिटर पाणी वाफ होऊन हवेत मिसळते. सकाळी तंबू तापला, की हा बर्फ वितळून स्लीपिंग बॅगवर ठिबकतो आणि ओली बॅग ऊब देत नाही. उपाय साधे आहेत: स्टोव्ह पेटवण्यापूर्वी आतला बर्फ ब्रशने झाडून बाहेर टाकावा, भांड्यावर झाकण ठेवावे, ओले कपडे आत वाळत घालू नयेत.

आणि सर्वांत महत्त्वाचे, हवेचा झरोका उघडा ठेवावा. थंडी वाजते म्हणून तो बंद करण्याचा मोह होतो. पण झरोका किंवा बुखारीचे धुराडे बर्फाने बुजले, तर कार्बन मोनॉक्साइड आत साठतो. त्याला ना रंग, ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून अधिक घट्ट चिकटतो; झोपलेला माणूस झोपेतच दगावू शकतो.

म्हणून मित्रांनो, बर्फात कॅम्पला गेलात तर पहाऱ्यावरच्या प्रत्येकाने फावडे उचलण्याआधी झरोका आणि धुराडे मोकळे आहे का, ते पाहावे. छप्पर त्यानंतर.