आधी इंजिन, मग बाकीचा संसार

प्रश्न : ‘एलिट डेंजरस’मध्ये जहाजाचे सगळे मॉड्यूल ‘ए’ दर्जाचे घ्यायचे, तर क्रेडिट पुरत नाहीत. सुरुवात कुठून करावी?

उत्तर : केंब्रिजच्या फ्रंटियर कंपनीने २०१४मध्ये आणलेल्या या खेळात नवख्यांची फसगत बहुधा इथेच होते. ‘ए’ सर्वोत्तम, मग सरसकट ‘ए’!

प्रत्यक्षात ‘डी’ दर्जा सर्वांत हलका असतो आणि जहाज जितके हलके, तितकी ताऱ्यांमधली उडी लांब. म्हणून जाणते खेळाडू लाइफ सपोर्ट आणि सेन्सर ‘डी’ ठेवतात. ही उडी मारणारा फ्रेम शिफ्ट ड्राइव्ह मात्र पहिल्या संधीला ‘ए’ करतात. त्यानंतर पॉवर प्लांट. त्याची क्षमता अपुरी पडली, तर बसवलेली महागडी सामग्री सुरूच होत नाही.

शेवटचे क्रेडिटही खर्चून बसणारे पुढे रडतात. जहाज फुटले, तर ते परत मिळवायला त्याच्या किमतीच्या सुमारे ५ टक्के भरावे लागतात. तेवढी गंगाजळी हवीच.

२०१६पासून खेळात मॉड्यूल सुधारून देणारे इंजिनिअरही आहेत. त्यांपैकी डेसियाट ताराप्रणालीतल्या फेलिसिटी फारसीअरला मेटा-अलॉय नेऊन दिला, की ती ड्राइव्हची उडी आणखी वाढवते. तिथे क्रेडिट चालत नाहीत, गोळा केलेले साहित्य लागते.