शर्यत अडीच मिनिटांची, पळणं तासाचं

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे, 800 मीटर पळते. मागच्या वर्षी विभागीय स्पर्धेत चौथी आली. गेले दोन महिने सर तिला रोज पाऊण तास, कधी तासभर नुसतं हळू पळायला लावतात. शर्यत अडीच मिनिटांची! यानं तिचा वेग मारला जाणार नाही का? आणि मागच्या वर्षी ऐन स्पर्धेच्या तोंडावर त्यांनी सराव निम्म्यावर आणला होता, तो का?
– एक पालक, फलटण

उत्तर : आधी एक सांगतो, सर बदलायचा विचार मनात असेल तर काढून टाका.

यंदा शर्यत बघताना शेवटच्या रेषेपाशी गर्दी करू नका, वळणावर उभे राहा. शाळेचं मैदान 200 मीटरचं असेल तर चार फेऱ्या. पहिल्या दोन फेऱ्यांत सगळ्याच मुली सुसाट. तिसरी संपत येते तेव्हा कुणाचे खांदे कानाला लागतात, कुणाचे हात आडवे फिरू लागतात, कुणाचं पाऊल फक्कीच्या रेघेवर घासत पडतं. त्यांचा वेग संपलेला नसतो. 100 मीटर त्या याहून कितीतरी जोरात पळतात. संपलेला असतो दम. 800 मीटरला लागणाऱ्या ऊर्जेतली निम्म्याहून जास्त ऊर्जा प्राणवायूच्या जोरावर तयार होते. तो स्नायूंपर्यंत पोचवणारं हृदय आणि बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं घडायला महिने लागतात, आणि ते घडतं अशा संथ पळण्यातूनच. वेगाला धार लावायला काही आठवडे पुरतात.

न्यूझीलंडच्या आर्थर लिडियार्ड यांनी हे जगाला दाखवून दिलं. ऑकलंडमध्ये बुटांच्या कारखान्यात काम करणारा हा माणूस आधी स्वतःवरच प्रयोग करायचा. मोसमाच्या सुरुवातीला त्यांची पोरं आठवड्याला 100 मैल, म्हणजे 160 किलोमीटर पळायची. मग काही आठवडे चढ, मग ट्रॅकवरचा वेग, आणि शेवटी शर्यती. 2 सप्टेंबर 1960 ला रोममध्ये त्यांच्या पीटर स्नेलनं 800 मीटरचं आणि मरे हॅलबर्गनं 5000 मीटरचं ऑलिंपिक सुवर्ण एकाच दिवशी जिंकलं. मला त्याहून नवल वाटतं ते पुढचं. डिसेंबर 1961 मध्ये स्नेल चक्क मॅरेथॉन पळला, आणि 27 जानेवारी 1962 ला वाँगनुईच्या गवताच्या मैदानावर मैलाचा विश्वविक्रम केला : 3 मिनिटं 54.4 सेकंद. आठवड्याभरात 800 मीटरचाही, 1 मिनिट 44.3 सेकंद. गवतावरच! लांब पळण्यानं वेग मरतो म्हणणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं.

म्हणून नववीतल्या पोरीला 160 किलोमीटर पळवायचं नाही, हे वेगळं सांगायला नको. पळताना शेजारच्या मैत्रिणीशी बोलता आलं पाहिजे, एवढा वेग तिला पुरे. सर आठवड्यातून एखाददुसऱ्या दिवशी शेवटी चार-सहा छोटे झपाटे पळायला देत असतील; नसतील तर तेवढं जरूर विचारा.

खरी गुंतागुंत आपल्या शालेय स्पर्धांची आहे. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी उतरंड, आणि प्रत्येक ठिकाणी आपलं पोर पहिलं यावं असं घरच्यांना वाटतं. सर्वोत्तम फॉर्म जेमतेम दोन-तीन आठवडे टिकतो. तो तालुक्यालाच खर्ची पडला, तर विभागीयला मुलगी दमलेली उतरते. तारीख ठरवून मागे मोजत यावं लागतं : शेवटचे दहा-बारा दिवस हलके, त्याआधी पाच-सहा आठवडे वेगाचे, त्याआधी चढ, आणि त्याआधी हे तासभराचं पळणं. तालुक्याची शर्यत मग सरावाचाच भाग धरायची, दुसरी आली तरी पुढे जाण्यापुरती चालते. सरांनी यंदा नेम कुठल्या स्पर्धेवर धरलाय, तेवढं मात्र विचारून ठेवा.

आता निम्म्या सरावाचं. मेहनतीनं शरीर आधी खचतं. ताकद येते ती नंतर, विश्रांतीत. म्हणून शेवटी अंतर निम्म्यावर आणतात, पण जे थोडं पळायचं ते शर्यतीच्याच वेगानं. अंतर आणि वेग दोन्ही उतरवले तर पाय सुस्तावतात. या दिवसांत मुलगी चिडचिड करील, पाय जड वाटतात म्हणेल. म्हणू द्या. फक्त संध्याकाळी सरांच्या नकळत 'चल, दोन फेऱ्या मारून ये' म्हणून तिला मैदानावर नेऊ नका.