डाव आपले, फाइलही आपलीच हवी

बुद्धिबळाच्या ॲपची नवी आवृत्ती आली की नव्या सोयींची यादी ठळक अक्षरांत दिसते. काढून टाकलेल्या सोयीचा उल्लेख तळाशी कुठेतरी एका ओळीत असतो, कधी तोही नसतो. इतकी वर्षे ही साधने वापरल्यावर मी ती तळाची ओळ आधी शोधतो. जुन्या स्वरूपातली फाइल उघडणे, बाहेरचे इंजिन जोडता येणे, जुन्या फोनवर चालणे या सोयी नजरेत भरत नाहीत, पण खेळाडूने वर्षानुवर्षे साठवलेले काम त्यांच्याच आधारावर उभे असते. बोदवडसारख्या तालुक्याच्या गावात हा आधार आणखी मोलाचा, कारण जिल्ह्याच्या पातळीवर खेळायचे तर जळगाव गाठावे लागते आणि एरवी मुलाचा शिक्षक म्हणजे घरातला, बहुधा थोरल्या भावाकडून आलेला फोन. जुनी सोय कधीच काढू नये, असे माझे म्हणणे नाही. आधी बाहेर पडायची वाट द्यावी आणि मग सोय काढावी, एवढा क्रम पाळावा, हे माझे म्हणणे आहे. हा क्रम उलटला की नुकसान नेमके त्यांचे होते, ज्यांना ते भरून काढणे सर्वांत अवघड असते.

आज बुद्धिबळाची साधने एकमेकांशी बोलू शकतात, ती दोन साध्या करारांमुळे. पहिला पीजीएन. १९९३च्या सुमारास स्टीव्हन एडवर्ड्स यांनी तो मांडला: डाव साध्या मजकुरात लिहायचा, वर स्पर्धा, ठिकाण, तारीख, फेरी, पांढरा, काळा आणि निकाल अशा सात नोंदी द्यायच्या. ही फाइल नोटपॅडमध्येही वाचता येते. दुसरा यूसीआय, नोव्हेंबर २००० मध्ये स्टेफान मायर-कालेन आणि रुडॉल्फ हूबर यांनी जाहीर केलेला. त्याने पट दाखवणारा प्रोग्रॅम आणि चाल शोधणारे इंजिन यांना वेगळे केले, त्यामुळे पट एकाचा आणि इंजिन दुसऱ्याचे अशी जोडी कुणालाही लावता येऊ लागली. त्याआधीपासून टिम मान यांच्या एक्सबोर्ड-विनबोर्ड या प्रोग्रॅमांची भाषा चालत होती. एरिनासारख्या मोफत प्रोग्रॅमने दोन्ही भाषा सांभाळल्या, म्हणून जुनी इंजिने टाकून द्यावी लागली नाहीत. एकाच कंपनीच्या बंद स्वरूपात डाव ठेवणारा मात्र त्या कंपनीच्या मर्जीवर राहतो.

आता प्रत्यक्ष काढलेल्या सोयीकडे वळू. अँड्रॉइडवर ड्रॉइडफिशसारख्या ॲपमध्ये पूर्वी इंजिनाची फाइल उतरवून फोल्डरमध्ये टाकली की काम होत असे. २०१९ मध्ये अँड्रॉइड १० आले आणि त्या आवृत्तीसाठी बांधलेल्या ॲपला स्वतःच्या साठवणीतली, म्हणजे त्याला स्वतः बदलता येणारी फाइल थेट चालवण्यास बंदी झाली. नोव्हेंबर २०२० पासून प्ले स्टोअरवर ॲपची सुधारित आवृत्ती चढवायची तर हा नियम पाळणे भाग पडले. बंदीचे कारण खोटे नव्हते. बाहेरून आणलेला कोड गुपचूप चालवणे हा फोन लुबाडण्याचा सोपा मार्ग आहे, आणि सुरक्षितता की सोय असा प्रश्न आला तर मीही सुरक्षिततेच्याच बाजूने बोलेन. पण त्याच अँड्रॉइडवर दुसरी वाटही होती: इंजिन वेगळ्या ॲपच्या रूपात बसवायचे आणि पटाच्या ॲपने ते तिथून घ्यायचे. ज्या इंजिनांना कुणी असे रूप दिले ती सुरक्षितपणे चालू राहिली, ज्यांना दिले नाही ती त्या ॲपपुरती संपली. म्हणजे सुरक्षिततेसाठी बंदी हवी होती हे मान्य केले, तरी इंजिने वाया गेली ती पर्यायी वाट सर्वांपर्यंत न पोचल्यामुळे.

सोय काढूनही कुणाचे फारसे बिघडले नाही, असे उदाहरण स्टॉकफिश या इंजिनाचे. २०२० मध्ये १२व्या आवृत्तीत त्यात न्यूरल जाळे आले, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये १६.१ या आवृत्तीत माणसांनी हाताने लिहिलेले जुने मूल्यमापन पूर्णपणे काढले गेले. खेळाची ताकद त्याने कमी झाली नाही. शिकवणाऱ्यांचे मात्र एक साधन गेले. जुन्या पद्धतीत एखाद्या स्थितीचा हिशेब फोडून दिसत असे: मोहऱ्यांचे बळ किती, राजाची सुरक्षितता किती, पुढे मोकळे सुटलेले प्यादे किती मोलाचे. नवशिक्याला हा तक्ता शंभर चालींपेक्षा जास्त शिकवतो. तरीही मी या बदलाला चूक म्हणत नाही, कारण स्टॉकफिश खुल्या परवान्याचे आहे. जुनी आवृत्ती आजही उतरवता येते आणि तिच्यातला तक्ता आजही दिसतो.

या बाबतीत हटकून येणारा आक्षेप असा की जुनी सोय वापरणारे मूठभर, आणि तिच्यासाठी जुना कोड जपायला वेळ व पैसा लागतो. दुसरा भाग खरा आहे. मोफत काम करणाऱ्याने दहा वर्षांपूर्वीचा कोड जन्मभर दुरुस्त करत बसावे, अशी अपेक्षा अन्यायाचीच. पण पहिला भाग तपासून पाहावा लागतो. वापर मोजला जातो तो बहुधा इंटरनेटवरून. ज्याच्या फोनमध्ये महिन्याचा डेटा संपलेला आहे, जो जुनी आवृत्तीच चालवतो, तो या मोजणीत येतच नाही. शिवाय जुना रस्ता बंद होताना नवा तयार आहे का, हा प्रश्न आमच्या भागाला नवा नाही. पाचोरा-जामनेर ही अरुंद मापाची ‘पीजे’ गाडी २०२०च्या टाळेबंदीत थांबली. ती रुंद करून थेट बोदवडपर्यंत आणण्याचे काम मंजूर आहे, आणि ते व्हायलाच हवे. पण रुंद रूळ येईपर्यंतच्या वर्षांत रोजच्या प्रवाशाने काय करायचे, याचे उत्तर मंजुरीच्या कागदात नसते. ‘सगळे ऑनलाइन आहे, साइटवर खेळा’ हे उत्तरही त्याच जातीचे. साइट उत्तम आहेत, पण जिथे नेटवर्क येते-जाते तिथे फोनमध्ये साठवलेला डाव हाच भरवशाचा.

मराठी वाचकाला यात आणखी एक गोष्ट पाहावी लागते. आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाने १९८१ पासून जुन्या वर्णनात्मक नोंदीची मान्यता काढली, पण मोहऱ्याचे आद्याक्षर खेळाडूने आपल्या भाषेत लिहिण्याची मुभा ठेवली. घोड्यासाठी ‘घ’ लिहिणारा मराठी मुलगा नियमाबाहेर नाही. पीजीएनच्या मूळ आराखड्यात मात्र इंग्रजी अक्षरे आणि पश्चिम युरोपातल्या भाषांना पुरेल एवढाच अक्षरसंच होता. आज बरेच प्रोग्रॅम देवनागरी टिपा नीट वाचतात, काही त्यांची प्रश्नचिन्हे करून टाकतात. नवा प्रोग्रॅम निवडताना मराठीत एक टीप लिहा, फाइल जतन करा, दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडून पाहा. पाच मिनिटांची ही परीक्षा पुढची मोठी हानी टाळते.

जे ॲप लिहितात, त्यांच्याकडे माझी मागणी मोठी नाही. सोय काढण्याच्या एक आवृत्ती आधी पडद्यावर स्पष्ट सूचना द्या. सर्व डाव एकदम पीजीएनमध्ये काढून देणारे बटण त्या सूचनेशेजारीच ठेवा. जुनी आवृत्ती कुठे मिळेल ते सांगा. पुण्या-नाशकात आणि जळगावातही आता मराठी मुले असे प्रोग्रॅम लिहू लागतील. त्यांनी हा रिवाज पहिल्या दिवसापासून पाळावा. खेळाडू, पालक आणि बुद्धिबळ मंडळे यांनी मात्र कुणाच्या सूचनेची वाट पाहू नये. दिव्या देशमुखने २०२५ मध्ये बाटुमीत महिला विश्वचषक जिंकल्यानंतर ज्या घरांत पट उघडला गेला, त्या घरांतल्या मुलांचे डाव आता साठत चालले आहेत. दर स्पर्धेनंतर ते पीजीएनमध्ये उतरवा, एक प्रत फोनबाहेर ठेवा, स्कोअरशीट फेकू नका. आणि चालू असलेले ॲप अपडेट करण्याआधी, त्यातले सगळे डाव बाहेर काढता येतात का, हे आजच बघून घ्या.