थंडी, दव, गारा आणि हिमवादळ

धनुर्मासातील पहाटेची पूजा आटोपून मंडळी सभामंडपाबाहेर येतात, त्या वेळी उद्यमबागेच्या रस्त्यावर अद्याप धुक्याचा पडदा असतो. कारखान्यांच्या पत्र्यांवरून दव ठिबकत असते आणि रात्रपाळी संपवून परतणारे कामगार कानटोप्या ओढून चहाच्या गाड्यापाशी थांबलेले असतात. अशाच एका पहाटे एका वृद्ध आजींनी आम्हांस हटकले. "मास्तर, नातवाचा अमेरिकेतून फोन आला होता. दोन दिवसांत बर्फाचे वादळ येणार म्हणतो. दुकानांतले दूध-पावसुद्धा संपले म्हणे. बर्फाला एवढे काय भ्यायचे हो? कापसासारखा तर असतो!" शेजारी उभा असलेला एक तरुण म्हणाला, "आजी, आपल्याकडे पडला तर काय बहार येईल!" दोघांनाही उभ्या उभ्या उत्तर देणे आम्हांस जमले नाही. ते सावकाशपणे येथे देत आहोत.

प्रथम आपल्या गावाचा विचार करू. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटर उंचीवर वसले आहे. म्हणूनच कोकणातून घाट चढून आलेल्या पाहुण्यास येथे शाल मागावी लागते. हवेत एक किलोमीटर वर गेले की उष्णतामान सरासरीने साडेसहा अंशांनी उतरते, हा त्यातील साधा हिशेब. परंतु पाणी गोठण्यास शून्य अंश हवेत, आणि आपल्या अक्षांशावर हिवाळ्यातही तो शून्य अंश साडेचार-पाच हजार मीटर उंचीवर असतो. त्या वर ढगात हिमकण तयार होतात, नाही असे नाही. किंबहुना आपल्या पुष्कळशा पावसाचा जन्म हिमकणातच होतो. पण खाली येता येता ते वितळून जातात. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई, तेही केवळ 1646 मीटरांचे! तेव्हा सह्याद्रीवर हिमवर्षाव पाहण्याची आशा त्या तरुणाने सोडून द्यावी.

मग महाबळेश्वरी वेण्णा तलावाकाठी पांढरी चादर पसरल्याची छायाचित्रे दरवर्षी वर्तमानपत्रांत येतात, ती खोटी काय? खोटी नव्हेत, मात्र ती पडलेली हिमवृष्टी नव्हे, जागच्या जागी गोठलेले दव होय. रात्री आकाश निरभ्र असले आणि वारा पडलेला असला म्हणजे जमीन आपली उष्णता भराभर वर टाकून देते. ढग हे जमिनीचे पांघरूण. तेच नसल्यावर ती गारठणारच. थंड हवा जड असल्यामुळे सखल भागी साचते. अशा पहाटे माणसाच्या छातीइतक्या उंचीवर ठेवलेला तापमापक चार-पाच अंश दाखवीत असताना गवताचे पाते शून्याखाली गेलेले असू शकते. नाशिक जिल्ह्यातील निफाडचे द्राक्षबागाईतदार हे गणित पुस्तक न वाचता जाणतात. कडाक्याच्या रात्री बागांत शेकोट्या पेटवून आणि वेलींच्या मुळांशी पाणी सोडून ते पीक सांभाळतात.

आपल्याकडे दव हे बहुधा कल्याणकारीच ठरते. पहाटे हरभऱ्याच्या शेतावरून स्वच्छ धोतर फिरवून आंब धरण्याची रीत आमच्या वडीलधाऱ्यांनी पाळलेली आम्ही पाहिली आहे. पोटदुखीवर तिचे थेंब देत असत. आता ते धोतरही गेले आणि तितका वेळही गेला. असो.

ही थंडी येते कोठून? भूमध्य समुद्राच्या बाजूने हिवाळ्यात जी वादळी हवा इराण-अफगाणिस्तानावरून हिमालयाकडे सरकते, तिला हवामानशास्त्रात पश्चिमी झंझावात म्हणतात. काश्मीर, हिमाचल व उत्तराखंडात ती हिम टाकते, आणि ती पुढे गेली की मागून कोरडे उत्तरेचे वारे दक्षिणेकडे वाहू लागतात. आपल्या दारी पोहोचतो तो त्या वाऱ्याचा शेवटचा, बराचसा सौम्य झालेला हात. हिमालयातील त्याचे खरे रूप पाहावयाचे तर केदारनाथाकडे पाहावे. 3583 मीटर उंचीवरील त्या मंदिराची दारे भाऊबीजेला बंद होतात आणि देवाची उत्सवमूर्ती पालखीतून खाली उखीमठास येते. हिवाळाभर पूजा तेथेच चालते. उघड्या दारी हट्टाने बसून राहावे असे त्या पूर्वजांना वाटले नाही.

आपल्या वाट्याला आकाशातून बर्फ येतो तो गारांच्या रूपाने, आणि तोही थंडीत क्वचित, वळवाच्या पावसात अधिक. येथे जिज्ञासू वाचक विचारील, हिम वितळते तर गार का वितळत नाही? उत्तर वेगात आहे. हिमाचे पिसासारखे फूल सेकंदाला सुमारे एक मीटर गतीने उतरते. चार हजार मीटर यावयास त्याला तासाहून अधिक वेळ लागेल, त्यापूर्वीच त्याचे पाणी होते. मोठी गार मात्र सेकंदाला वीस मीटर वेगाने आदळते. तीन-चार मिनिटांत ती आपल्या पत्र्यावर! ढगातील वर चढणारे जोरकस वारे तिला वरच्या वर झेलीत राहतात, तिच्यावर बर्फाचे थरावर थर चढतात, आणि भार पेलेनासा झाला की ती सुटते. 30 एप्रिल 1888 रोजी मुरादाबाद येथे झालेल्या गारपिटीत 246 माणसे दगावली. फेब्रुवारी-मार्च 2014 मध्ये महाराष्ट्राच्या मोठ्या भागात आणि उत्तर कर्नाटकातही जी गारपीट झाली, तीत गहू, हरभरा, द्राक्षे यांची झालेली दैना पुष्कळांच्या स्मरणात असेल. निपाणीकडील शेतकऱ्याने तंबाखू कापून शेतात वाळत घातला असता आभाळ भरून आले, तर त्याच्या घरात त्या रात्री जेवण कसे गोड लागेल?

आता आजींच्या नातवाकडे वळू. कापसासारखा हिमवर्षाव हा त्या वादळाचा सौम्य प्रकार होय. भयंकर तो गोठणारा पाऊस. वरच्या थरात उबदार हवा शिरली म्हणजे हिम वितळून पाऊस होतो. पण जमिनीलगत शून्याखालील हवेचा पातळ थर असतो. त्यातून येताना थेंब शून्याखाली जातो, तरी गोठत नाही. आणि फांदी, तार, रस्ता, जिन्याची पायरी यांस स्पर्श होताच काचेसारखा घट्ट चिकटतो. झाडे त्या भाराने मोडतात, विजेच्या तारा तुटतात, माणसाचा पाय ठरत नाही. जानेवारी 1998 मध्ये कॅनडातील क्वेबेक प्रांतात अशा पावसाने विजेचे पोलादी मनोरे वाकवून टाकले. फेब्रुवारी 2021 मध्ये तर अमेरिकेतील टेक्सास या एरवी उष्ण राज्यात हिम आणि बर्फ कोसळला. डॅलस येथे पारा उणे 19 अंशांपर्यंत उतरला आणि पंचेचाळीस लाखांवर घरांची वीज गेली. आपली कितीतरी मराठी कुटुंबे त्या राज्यात राहतात. तेथे सरकारी गणनेनुसार 246 माणसे मरण पावली. मुरादाबादचा आकडाही तोच, हा निव्वळ योगायोग.

त्या मृतांपैकी काही जण थंडीने गेले नाहीत. ते ऊब मिळविण्याच्या धडपडीत गेले. वीज गेली म्हणून कोणी बंद गाडीखान्यात मोटार सुरू ठेवली, कोणी घरातच कोळशाची शेगडी पेटविली. हा धडा मात्र थेट आपल्या गल्लीचा आहे. दूर गावाहून कामास आलेली मंडळी येथे लहान खोल्यांत चार-चार, पाच-पाच जण राहतात. थंडीच्या रात्री फौंड्रीतील कोकचे चार तुकडे घमेल्यात पेटवून, फटींत चिंध्या कोंबून ती निजतात. धूर नाही, वास नाही, निखारा लालबुंद. मग भीती कसली? भीती हीच की त्या निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साईड नावाचा वायू निघतो, त्याला रंग नाही आणि वासही नाही. आपल्या रक्ताला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. आधी डोके जड होते, मळमळते, मग गुंगी येते. निजलेल्याला तेवढीही सूचना मिळत नाही.

म्हणून आमची सर्वांस विनंती आहे. शेगडी वा शेकोटी अंगणात पेटवावी; घरात घेतलीच तर दोन खिडक्या समोरासमोर उघड्या ठेवाव्यात आणि निजण्यापूर्वी ती बाहेर नेऊन विझवावी. सकाळी कोणी उठत नसेल, तर कांदा हुंगवीत वेळ दवडू नये; दारे उघडून त्यास प्रथम उघड्यावर आणावे आणि प्राणवायूची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे. ज्यांच्या घरी भाडेकरू असतील त्यांनी स्वतः जाऊन हे समजावून द्यावे. आणि भाडेकरूंत मराठी न समजणारेही असतात, त्यांना त्यांच्या भाषेत सांगणारा कोणी सोबत न्यावा.

आजींना आम्ही एवढेच सांगितले की, नातवाने दूध-पाव आणले हे बरे केले. शेगडीचे तेवढे त्याला फोनवर सांगा. त्याच संध्याकाळी त्यांनी सांगितले.